बुडाकडची वात

मेणबत्ती विकत घेतली की मी आधी ती उलटी करून बघते. बुडाशी वातीचं टोक दिसतंय का, नखानं ओढलं तर हातात येतंय का, हे तपासल्याशिवाय मी पैसे देत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार आता हसतसुद्धा नाही, त्याला सवय झाली आहे. नातू मात्र हसतो. "आजी, मेणबत्ती काय वांगं आहे का किडकी निघायला?" म्हणतो. त्याला मी काय सांगणार? लाइट गेली तर घरात इन्व्हर्टर आहे, मेणबत्त्या लागतात त्या फक्त वंदनेला. पण अक्काच्या लग्नात मी जो एक तास काढला तो ज्यानं काढला नाही, त्याला माझं हे वेड कळायचं नाही.

तेव्हा आम्ही मिरजगावात राहत होतो. वस्तीच्या टोकाला दोन खोल्या, वर पत्रा. दुपारी ऊन चढलं की पत्रा टणटण वाजायचा, उन्हं उतरली की पुन्हा वाजायचा, आणि आई त्या आवाजावर चहाची वेळ ठरवायची. घरात आई, अक्का आणि मी. आबा, म्हणजे आमचे वडील, नगरजवळच्या नागापूरला एका कारखान्यात होते. तिकडेच खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी यस्टीनं घरी यायचे. ते आले की घरात मशीनच्या तेलाचा वास पसरायचा. तो वास मला अजून आवडतो. दिवस दुष्काळाचे होते. विहिरीत उतरून वाटीवाटीनं हंडा भरायचा, आणि तेच पाणी तीनदा वापरायचं. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, उरलं ते शेळीपुढं ठेवायचं. खायला रेशनचा मिलो. त्या लाल ज्वारीची भाकरी थापता थापता कडेनं चिरत जायची आणि तव्यावर पडेपर्यंत तिचे तुकडे व्हायचे. "ह्याला चिकटाई म्हनून न्हाई बघ, नुसती माती हाय," आई रोज म्हणायची. रोज ऐकत होते मी. त्या ऐकण्यानं थोडी शहाणी झाले असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आबांना करून घालायला म्हणून ती वर्षभर नगरला राहिली, तेव्हा एका बाईंकडे शिवण शिकायला जायची. त्या बाई नाताळाच्या आधी घरीच मेणबत्त्या करायच्या, पांढऱ्या मेणात रंगांच्या शिरा फिरलेल्या, संगमरवरासारख्या. अक्का शिवण अर्धवट शिकली आणि मेणबत्त्या पुरत्या शिकून आली. गावी आल्यावर तिनं आबांकडून पत्र्याचे दोन साचे करून घेतले. वीतभर उंच, अंगठ्यापेक्षा थोडे जाड, खालच्या बाजूला बारीक भोक. मेण आबा नगरहून आणायचे आणि रंग शाळेतल्या मेणाच्या खडूंचा. निळा, पिवळा, तांबडा, नारिंगी. पांढरा तर मेणाचा स्वतःचाच. पंचशील ध्वजाचे पाचही रंग एका मेणबत्तीत आणायचे ही कल्पना अक्काची स्वतःची. एकेका रंगाचं मेण ताटलीत पातळ ओतायचं, गार झालं की त्याचे कपचे करायचे, ते साच्यात वातीभोवती सोडायचे आणि वरून पांढरं मेण ओतायचं. ते कोमट पाहिजे. कढत ओतलं तर सगळे रंग विरघळून एकमेकांत जातात आणि मेणबत्ती गढूळ दिसते. फार गार ओतलं तर कपच्यांच्या मधे पोकळ राहतं. पहिल्या चार मेणबत्त्या आमच्या गढूळच झाल्या. अक्कानं त्या शेळीच्या गोठ्यात जाळून संपवल्या.

पण रंग नंतर, आधी वात, असं ती म्हणायची. सुताचा पीळदार दोरा मेणात बुडवून ताठ वाळवायचा. साच्याच्या भोकातून ओवून खाली गाठ मारायची. गाठीवर गव्हाच्या कणकेचा गोळा लिंपायचा, म्हणजे मेण गळत नाही आणि बाहेरचं पाणी आत येत नाही. कारण मेण ओतल्यावर साचा पाण्याच्या बादलीत उभा ठेवायचा असतो. वरच्या तोंडावर तुरीची काडी आडवी ठेवून तिला दोरा ताणून बांधायचा. कपचे पडताना वातीला एका अंगाला ढकलतात, म्हणून दर थराला काडी फिरवून वात पुन्हा ताणायची. "रंग चुकला तर लोक नावं ठेवतील. वात चुकली तर अंधार होईल," असं अक्का मला बजावायची. नगरला राहून आल्यापासून ती अशीच छापील बोलायची आणि आई तिला "बाईसाहेब" म्हणून चिडवायची.

आणि वात चुकली ती नेमकी अक्काचीच, आणि तीही साखरपुड्याला. स्थळ घोडेगावचं होतं. मुलगा शाळामास्तर, बोलायला मऊ. त्याची आई तो लहान असतानाच वारली, त्याला वाढवलं त्याच्या आत्यानं. तुळसाआत्या त्यांचं नाव. लग्न झाल्यावर वर्षाच्या आत विधवा होऊन माहेरी परत आलेली बाई. काटकुळी, उंच, तोंडात मिश्री, आणि नजर अशी की समोरच्यानं आपोआप पदर सावरावा. अक्काची सासू म्हणजे तीच, हे आम्हा सगळ्यांना न सांगता कळलं. आमच्या प्रत्येक घरात असतात त्या दोन तसबिरी टेबलावर मांडल्या, अक्काची रंगीत मेणबत्ती लावली, वंदना सुरू झाली, आणि पंचशील अर्ध्यावर आलं असताना वात हळूच एका बाजूला कलली, वितळलेल्या मेणात लवंडली आणि बुडाली. धुराची रेघ वर गेली. वंदना थांबली नाही, पण तुळसाआत्यांचा आवाज थांबलेला मला ऐकू आला. नंतर त्यांनी पोह्यांना हात लावला नाही. निघताना आपल्या भावाला म्हणाल्या, "इझली रं. पयल्याच टायमाला इझली." आबांनी समजावून पाहिलं, की वात मधोमध नव्हती, दुसरं काही नाही. आत्या तोवर वहाणा चढवून उभ्या होत्या.

आठ दिवस घोडेगावहून निरोप आला नाही. आई रोज यस्टी यायच्या वेळेला दारात उभी राहायची. नवव्या दिवशी मास्तर स्वतः आले, लग्न पक्कं आहे म्हणाले, आणि जाताना मान खाली घालून आत्यांचा निरोप सांगितला. एकदा झालं ते झालं. लग्नात पुन्हा तसं झालं तर त्या सुनेच्या हातचं पाणी पिणार नाहीत. आई लगेच म्हणाली, बाजारच्या मेणबत्त्या आणू, साध्या, पांढऱ्या. अक्का हटून बसली. लग्नात लागतील तर तिच्याच लागतील, वातीची चूक तिला कळली आहे. आबा तिच्या बाजूनं. "भिऊन मेणबत्ती बदलायची, तर मग धर्म कशाला बदलला?" म्हणाले. आईनं गुपचूप एक पांढरी मेणबत्ती आणून पेटीत ठेवली, एवढंच. त्यानंतर अक्कानं तीन मेणबत्त्या नुसत्या तपासायला म्हणून जाळल्या, आबांचं घड्याळ समोर ठेवून. बोटाचं एक पेर जळायला साधारण एक तास, हे मला तेव्हापासून पाठ आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी दोन करायच्या होत्या, दोन तसबिरींपुढं एकेक. पहिली अक्कानं केली. ती साच्यातून निघाली तेव्हा शेजारच्या बायका बघायला आल्या, इतकी सुंदर. दुसरीची वात ओवणार तेवढ्यात कासार आला आणि बायका तिला बांगड्या भरायला ओढून घेऊन गेल्या. जाताना माझा कान धरून म्हणाली, "सुमे, दुसरी तू कर. तुला येतंय सगळं. घाई करू नको." मला इतका आनंद झाला की काय सांगू. आतापर्यंत माझं काम कपचे फोडायचं आणि काडी धरायचं.

कणीक मागायला मी आईकडे गेलेच नाही. गव्हाचं पीठ घरात होतं, पण ते पाहुण्यांच्या पोळ्यांचं. आबांनी कुठून कुठून जमवलेले ते गहू. डब्याच्या तोंडाला आईनं फडकं बांधलं होतं आणि "त्याला हात लावलास तर हात मोडीन" असं सकाळीच सांगितलं होतं. परातीत मिलोचं पीठ भिजवलेलं होतं. पीठ ते पीठ, असा विचार करून मी त्याचाच गोळा गाठीवर लिंपला. पुढं बऱ्याच वर्षांनी, आई थकली होती तेव्हा, एकदा एकदम म्हणाली, "चिमूटभर कनीक मागितली आस्तीस तर मी दिली नस्ती व्हय गं?" दिली असती की नसती, मला खरंच माहीत नाही. तिलाही माहीत नसावं, म्हणून विचारलं.

मेण ओतलं, साचा बादलीत ठेवला. रंग झकास दिसत होते. तास दीड तासानं बायकांना बादली हवी झाली, पाहुण्यांसाठी पाणी भरायचं होतं. मी साचा बाहेर काढला तर खालचा गोळा जागेवर नाही. बादलीच्या तळाशी लाल चिखल होऊन बसलेला. गाठ सोडली आणि वरची काडी धरून, अक्का करायची तशी, एका दमात ओढली. मेणबत्ती आली नाही. वात आली. ओली, सबंध, वीतभर, काडीला लोंबकळत. पाणी वातीच्या कडेनं आत शिरलं होतं, आणि पाणी लागलेल्या वातीला मेण धरत नाही. साचा दगडावर आपटून मेणबत्ती काढली. बाहेरून कुठं खोट नाही, पाचही रंग जागच्या जागी, आणि आत वात नाही, वातीचं भोकही आतल्या मऊ मेणानं बुजून गेलेलं.

मेण संपलेलं. ती वितळवली तर पाच रंगांचा गाळ झाला असता. अक्काला सांगायला पाहिजे होतं. आतून बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता, आणि साखरपुड्यापासून न हसलेली अक्का त्यात मोठ्यानं हसत होती. मी चुलीत दाभण तापवलं. मेणात खुपसलं की ते चर्र करून जरा आत जायचं आणि थंड व्हायचं. काढेपर्यंत भोक पुन्हा बुजायचं. हात भाजला, अंगठ्यावर अजून डाग आहे. शेवटी कशीबशी एक पेरभर वात वरून आत गेली, तिच्यावर मेणाचे दोन थेंब सोडले. मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. बुडाशी छोटं भोक पाडून त्यात दोऱ्याचा नखाएवढा तुकडा चिकटवला. अक्का बूड बघणार, हे मला माहीत होतं. तिनं संध्याकाळी हिरव्या बांगड्यांच्या हातानं मेणबत्ती उलटी केली, वातीचं टोक पाहिलं आणि माझ्या गालाला हात लावला. "माझ्यापेक्षा छान झाली गं," म्हणाली.

लग्नाच्या सकाळी मी एकच हिशेब करत होते. एक पेर, एक तास. वंदना, प्रतिज्ञा, हार, सगळं धरून पाऊण तासात आटपतं. लग्न लावणारे बौद्धाचार्य कर्जतचे होते, झपाझप म्हणणारे. आणि तरीही विझलीच, तर निदान ती आपल्या बाजूची असावी, म्हणून माझी मेणबत्ती मी टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवली. आबा डावीकडं उभे राहणार होते. घोडेगावचा ट्रक दहा वाजता आला. "जयभीम, जयभीम" करत माणसं उतरली. आमच्या लग्नांत तेव्हा बँड नसला तरी चाले, भाषणं मात्र लागत, आणि वऱ्हाडातून उतरणाऱ्या प्रत्येक टोपीकडं मी हा किती बोलणार अशा नजरेनं बघत होते.

सगळे बसले. बौद्धाचार्यांनी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना मेणबत्त्या लावायला बोलावलं. मास्तरांचे वडील उठू लागले तसे मास्तर म्हणाले, "आत्या लावतील." मांडवात कुजबुज झाली. तुळसाआत्या बायकांत बसल्या होत्या, त्या दचकल्या.

"मी? न्हाई बाबा. मी आशी बाई, मी कशाला हात लावू शुभाला?"

"आत्या, मला आई तूच. आपल्यात हे धरत नाहीत आता."

"तुमी धरत न्हाई. लोक धरत्यात."

"ऊठ आत्या," मास्तर म्हणाले. ते ज्या मऊपणानं म्हणाले, त्यामुळंच मला वाटतं त्या उठल्या. बायका डावीकडं बसल्या होत्या. आत्या जवळच्या अंगानं टेबलापाशी आल्या आणि थेट माझ्या मेणबत्तीपुढं उभ्या राहिल्या. आबा उजवीकडं सरकले. आत्यांची पहिली काडी विझली, दुसरीही विझली. तिसऱ्या काडीनं वात पेटली. त्या मागं सरकल्या, पण जागेवर जाऊन बसल्या नाहीत. टेबलाच्या पायाशीच खाली बसल्या, हात जोडून, त्या ज्योतीवर नजर लावून.

वंदना झाली. पंचशील झालं. मी ज्योतीकडं बघत होते आणि आत्यांकडं बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण त्या वंदना म्हणत नव्हत्या. जळ बाई, जळ, असं काहीतरी पुटपुटत होत्या. तोवर मी घाबरत होते ते अक्कासाठी. आता माझ्या ध्यानात आलं की ही मेणबत्ती विझली तर अक्काचं जे व्हायचं ते होईलच, पण ही बाई घरी जाऊन मरेपर्यंत म्हणेल, माझा हात लागला म्हणून विझली. आणि तिला तसं म्हणायला लोक तयारच बसले होते. मांडवात दोन बायका आतापासून एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या.

पाऊण तासात आटपलं असतं. पण हार घालायच्या आधी बौद्धाचार्यांनी "तालुक्याहून आलेले भाऊसाहेब दोन शब्द बोलतील" असं जाहीर केलं. दोन शब्द! भाऊसाहेबांनी धोतराचा सोगा सावरला, पाणी मागितलं, आणि समाजाच्या उन्नतीपासून सुरुवात केली. शिक्षण झालं, दुष्काळी कामं झाली, खडी फोडणाऱ्या आयाबहिणी झाल्या. सगळं खरं होतं, आणि दुसऱ्या कुठल्या दिवशी मी टाळ्याही वाजवल्या असत्या. मांडवाच्या फटीतून वारा येत होता. अक्काच्या मेणबत्तीची ज्योत सरळ होती. माझी एकदा मोठी झाली, मग बारीक. वितळलेल्या मेणाच्या तळ्यात वात हलताना मला दिसली. बांधलेली वात हलत नाही. जिला खाली काही धरून ठेवायला नाही, तीच हलते. भाऊसाहेब म्हणाले, "आता मी मूळ मुद्द्याकडं येतो," आणि मी उभी राहिले.

"थांबा!" मी ओरडले. आवाज असा फाटला की शेळी बिचकल्याचं मागून ऐकू आलं. "ती मेनबत्ती इझनार हाय. आत्यांची. तिला खाली वातच न्हाई. मी केली ती. वात निघून आल्ती, मी येक पेर नुसती वरनं खुपसली. आत्यांनी काय न्हाई केलं. समदं मी केलंय."

आईनं तोंडाला पदर लावला. पांढऱ्या साडीतल्या अक्कानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि ती नजर मी अजून विसरलेले नाही. राग त्यात होताच, पण त्याहून जास्त ती मला ओळखत नसल्यासारखी बघत होती. आबा उठून माझ्याजवळ आले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्यांनी विचारलं, "एक पेर? नक्की?"

"व्हय, आबा."

ते टेबलाशी गेले, वाकून ज्योत बघितली, घड्याळ बघितलं, आणि कारखान्यात साहेबाला मशीनचं सांगावं तशा आवाजात मांडवाला म्हणाले, "वात सुटली आहे. दोन मिनिटांत विझेल. बघा सगळ्यांनी."

आणि सगळ्यांनी बघितलं. मागची माणसं उठून उभी राहिली, पोरं बापांच्या खांद्यावर चढली. भाऊसाहेबसुद्धा कागद खाली करून बघू लागले. माझ्या आयुष्यातली ती दोन मिनिटं सगळ्यात लांब. ज्योत निळी झाली, पुन्हा पिवळी झाली, आणि माझ्या मनात आलं, आता ही विझलीच नाही तर? मग मी खोटी, मग आबा खोटे. तेवढ्यात वात कलली, तळ्यात आडवी पडली आणि चुरचुरून बुडाली. धूर निघाला. कुणी हाय म्हटलं नाही, कुणी बोटं मोडली नाहीत. एक म्हातारा फक्त म्हणाला, "पोरगी म्हनली तसंच झालं की."

तुळसाआत्या उठल्या. गरम मेण हातावर ओघळत होतं तरी त्यांनी मेणबत्ती उचलली आणि उलटी केली. बुडाशी दोऱ्याचं टोक दिसत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान खाली घातली. त्यांनी नखानं टोक ओढलं, आणि माझा तो नखाएवढा तुकडा त्यांच्या चिमटीत आला. मग बोलल्या, ते माझ्याशी नाही आणि मांडवाशीही नाही.

"माज्या लग्नात करवलीच्या हातातला दिवा इझला व्हता. वरीस भरायच्या आत धनी गेला. समद्यांनी माजं त्वांड बघितलं, माजं पाय बघितलं. पांढऱ्या पायाची म्हनून दारात उभं केलं न्हाई. त्या दिव्यात त्याल व्हतं का न्हाई, ते मातुर आजपतोर कुनी बघितलं न्हाई." चिमटीतला तुकडा त्यांनी उजेडाकडं धरला. "आन् कुनी पोरगी आशी उठून बोलली बी न्हाई."

अक्का रडत होती. मास्तरांनी आत्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी हलकेच बाजूला केला. आई केव्हा घरात जाऊन आली कळलं नाही. पेटीतली पांढरी मेणबत्ती तिनं माझ्या हातात कोंबली आणि मला पुढं ढकललं. मी ती आत्यांपुढं धरली. त्यांनी ती घेतली आणि आधी उलटी केली. बुडाकडची वात चिमटीत धरून दोनदा ओढून पाहिली. नंतर अक्काच्या मेणबत्तीच्या ज्योतीवर ती धरली. या वेळी त्यांना कुणी ऊठ म्हणावं लागलं नाही. पेटलेली मेणबत्ती त्यांनी डाव्या अंगाला पक्की बसवली, माझी विझलेली पदरात गुंडाळून कमरेला खोचली, आणि टेबलाच्या पायाशी मांडी घालून बसल्या.

"हां, बोला आता भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "किती येळ बोलायचं तेवढं बोला."